जाड पट्टीचा इंग्रजी ठसा : त्याचें स्वरूप, काल व योग्य उपयोग

दोन वर्षांपूर्वीं एका संग्राहक स्नेह्यांनीं एक सुटा छापील कागद मजकडे पाहण्यास आणून दिला. कागद इंग्रजी, एकाच अंगास छापलेला. विषय असईची लढाई, म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची जी लढाई झाली तिची हकीकत. छापखान्याचें नांव नाहीं, छापल्याचें वर्षही नाहीं. हकीकतीच्या शेवटीं मात्र १८०३ सालची तारीख आहे. तेवढ्या आधारावर हा कागद लढाईच्या वेळींच छापला गेला असें स्नेह्यांनीं ठरविलें होतें, आणि समकालीन मुद्रित साधन म्हणून तो प्रसिद्ध व्हावा अशी त्यांची इच्छा होती. कागद जुना आहे यांत संशय नव्हता. परंतु मथळ्याच्या ओळीवर दृष्टि पडतांच मला थांबावें लागलें. ज्या ठशांत, म्हणजे टाईपांत, तो मथळा जुळविलेला होता तो ठसा १८०३ सालीं निघालेलाच नव्हता. स्नेह्यांस हें रुचलें नाहीं, आणि त्यांचा प्रश्नही रास्त होता : अक्षराच्या जाडीवरून साल कसें सांगतां ? त्या वेळीं तोंडी दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें विस्तारानें मांडतों.

हस्तलिखिताचा काल ठरवितांना आपण अक्षरवळण पाहिल्यावांचून पुढें जात नाहीं. पडिमात्रा दिसली कीं पोथी जुन्या वळणाची हें ओळखतों. मोडी कागद शिवकालीन कीं उत्तर पेशवाईंतला याचा अदमास जाणते लोक वळणावरूनच करतात. छापील कागद हातीं आला म्हणजे मात्र हीच नजर आपण बाजूस ठेवतों व केवळ मजकूर वाचतों. वास्तविक छापील अक्षराचा जन्मकाल हस्ताक्षराच्या जन्मकालापेक्षां पुष्कळ निश्चितपणें सांगतां येतो. कारण तो ठसा कोणी तरी कोरलेला, ओतलेला व विकावयास मांडलेला असतो, आणि ठसे ओतणारांचीं जुनीं नमुनापुस्तकें जपून ठेवलेलीं आहेत.

इंग्रजी अक्षराच्या मुख्य रेघा जेथें संपतात तेथें टोंकाला एक लहान आडवी रेघ असते. तिला सेरिफ म्हणतात. रोमन शिलालेखांपासून ती चालत आलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथील बोदोनी व पॅरिस येथील दिदो घराणें यांनीं जे ठसे केले त्यांत उभी रेघ जाड, आडवी रेघ केसासारखी, आणि सेरिफही तशीच बारीक. हा थाट डोळ्यांस मोहक खरा, पण नाजूक. खडबडीत कागदावर किंवा झिजलेल्या खिळ्यांनीं छापलें तर या केसासारख्या रेघा तुटतात आणि अक्षराचें निव्वळ उभें अंग उरतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनांत जो नवा ठसा निघाला त्यानें ही रीत उलटी केली. त्यांत सेरिफ ही रेघ राहिली नाहीं, पट्टी झाली. तिची जाडी उभ्या रेघेच्या जवळजवळ बरोबरीची, व टोंकें चौकोनी छाटलेलीं. इंग्रजींत हिला स्लॅब-सेरिफ म्हणतात. स्लॅब म्हणजे लादी; आणि अक्षराच्या पायाखालीं खरोखरच लादी बसविल्यासारखी ती दिसते. इंग्रजी आय् हें मोठें अक्षर डोळ्यांपुढें आणावें : मध्यें खांब, वर एक लादी, खालीं एक लादी.

आपल्यापैकीं नागरीच्या सरावाच्या माणसास या पट्टीची शिरोरेघेशीं तुलना करण्याचा मोह होतो, व मलाही तो झाला होता. पण तुलना टिकत नाहीं. शिरोरेघ शब्दाची असते. ती अक्षरांना एकत्र बांधते. सेरिफ एकेका अक्षराची असते. ती जाड झाली म्हणजे प्रत्येक अक्षर आपापल्या पायांवर निराळें, घट्ट उभें राहतें. या ठशाचे गुण व दोष दोन्ही यांतूनच निघतात.

याचा पहिला ज्ञात नमुना ओतलेल्या खिळ्यांचा नाहीं. १८१० सालच्या लंडनमधील एका लॉटरीच्या जाहिरातींत लांकडावर कोरलेलीं अशीं अक्षरें आढळतात. ओतलेला ठसा व्हिन्सेंट फिगिन्स यानें ‘अँटिक’ या नांवानें काढला. ज्या नमुनापुस्तकांत तो आहे त्यावर १८१५ सालचा आंकडा आहे, परंतु तें पुस्तक प्रत्यक्षांत १८१७ च्या सुमारास बाहेर पडलें असावें असें मानतात. म्हणजे ज्या पुस्तकावरून आपण इतरांचा काल ठरविणार त्याच्याच मुखपृष्ठावरील सालावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. पोथ्या हाताळणारांस यांत नवल वाटूं नये.

यापुढें नांवांचा घोळ आहे, आणि सूची करणारानें तो समजून घेतला पाहिजे. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर इंग्लंडांत ईजिप्तविषयक सर्व गोष्टींचें वेड पसरलें होतें, आणि ‘ईजिप्शियन’ हें नांव कशालाही चिकटत असे. १८१६ च्या सुमारास कॅस्लन घराण्यानें ज्या ठशाला हें नांव दिलें त्याला सेरिफ मुळींच नव्हती. पुढें रॉबर्ट थॉर्न याच्या ओतशाळेंतील जाड पट्टीच्या ठशाला तेंच नांव मिळालें; थॉर्न १८२० सालीं वारला, व ती फॅन स्ट्रीट येथील ओतशाळा विल्यम थॉरोगुड यानें लॉटरींत मिळालेल्या पैशांतून विकत घेतली. लॉटरीच्या जाहिरातींत प्रथम दिसलेलें वळण लॉटरीच्याच पैशानें पुढें वाढलें ! ईजिप्तच्या चित्रलिपीशीं या अक्षराचा कांहीं एक संबंध नाहीं. फ्रेंच परिभाषेंत तर ‘एजिप्सियन्’ म्हणजे जाड पट्टीचा ठसा आणि ‘अँतीक’ म्हणजे सेरिफ नसलेला, म्हणजे फिगिन्सनें ज्याला अँटिक म्हटलें त्याच्या नेमकें उलट. म्हणून जुन्या सूचींत केवळ ‘अँटिक अक्षर’ एवढेंच लिहिलेलें आढळल्यास, ती सूची कोणत्या भाषेंतली हें पाहिल्याखेरीज त्यावरून अनुमान करूं नये.

माझ्या मतें या कुळांतील उत्तम ठसा या पहिल्या पिढींतला नव्हे. तो फॅन स्ट्रीटच्याच ओतशाळेंत १८४५ सालीं निघाला. थॉरोगुडचा भागीदार रॉबर्ट बेस्ली यानें तो काढविला, बेंजामिन फॉक्स यानें कोरला, आणि त्याला ‘क्लॅरेंडन’ हें नांव दिलें. पहिल्या ईजिप्शियन ठशांत पट्टी खांबाला काटकोनांत येऊन भिडते व सांधा उघडा राहतो. क्लॅरेंडनमध्यें तोच सांधा गोलाईनें भरून काढलेला आहे. खांबाच्या मानानें पट्टी किंचित् बारीक आहे, उभ्या-आडव्या रेघांत थोडा फरक राखलेला आहे, आणि ए, सी, आर् या लहान अक्षरांच्या टोंकांस गोल थेंब आहेत. त्यामुळें ठसा जाड असूनही ठोकळ्यासारखा दिसत नाहीं. बेस्लीनें १८४२ च्या नक्षीकामाच्या कायद्यान्वये त्याची नोंद करून घेतली. कायद्याचें संरक्षण तीन वर्षांचें होतें. ती मुदत संपतांच इतर ओतशाळांनीं त्याच्या नकला बाजारांत आणल्या. बेस्ली पुढें १८६९ सालीं लंडनचा लॉर्ड मेयर झाला, तेव्हां नकलांमुळें त्याचें फारसें अडलें असें दिसत नाहीं. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें हें, कीं १८४८ नंतर हें वळण एका ओतशाळेचें राहिलें नाहीं. म्हणून त्यावरून छापखाना ओळखतां येत नाहीं, फक्त कालाची पूर्वमर्यादा कळते.

क्लॅरेंडनचें खरें काम काय हें पाहण्यासाठीं कोशाचें पान उघडावें. तोंवर इंग्रजी ओळींत एखादा शब्द उठवून दाखवावयाचा तर तिरपा ठसा, मोठीं अक्षरें किंवा जुनीं काळीं गॉथिक अक्षरें एवढेच मार्ग होते. तिरपा ठसा उठून दिसत नाहीं, तो नुसता कलतो. मोठीं अक्षरें जागा खातात व शब्दाचा नेहमींचा आकार मोडतात. गॉथिक अक्षरें दुसऱ्याच काळांतलीं वाटतात. क्लॅरेंडन साध्या रोमन ठशाच्या शेजारीं, त्याच ओळींत व त्याच उंचीचा बसेल असा केलेला होता. तो जागा फारशी न वाढवितां नजर थांबवितो. १८८४ पासून भागशः निघूं लागलेल्या व १९२८ सालीं पुऱ्या झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशांत मुख्य शब्द क्लॅरेंडन ठशांत आहेत. एका पानाच्या तीन रकान्यांत शेंकडों ओळी बारीक अक्षरांत दाटलेल्या असतांही हवा तो शब्द सांपडतो, याचें श्रेय जितकें संपादकाचें तितकेंच या पट्टीचें आहे.

आपल्या पोथ्या लिहिणारांनीं हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला होता. श्लोकांक, ‘उवाच’, अध्यायसमाप्तीचें वाक्य यांवर गेरू फिरवावयाचा किंवा तीं तांबड्या शाईनें लिहावयाचीं. त्रिपाठ पोथींत मूळ मध्यें ठसठशीत व टीका वर-खालीं बारीक. पंचपाठांत तीच टीका चारही अंगांस. एकाच पानावर दोन आवाज असले तर ते डोळ्यांनींच निराळे कळले पाहिजेत, हा हेतु. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांतही मूळ मोठ्या ठशांत व टीका लहान ठशांत अशी मांडणी आपण नेहमीं पाहतों. ती आकाराची युक्ति आहे व मूळ-टीकेस ती शोभते. परंतु ओळीच्या मध्येंच एखादा शब्द उठवावयाचा असेल तर आकार बदलून चालत नाहीं, काळेपणा बदलावा लागतो. गेरूचें काम तेथें क्लॅरेंडन करतो.

मात्र गेरू जसा सबंध पोथीवर फांसीत नाहींत, तसा हा ठसा सबंध पानभर वापरूं नये. पट्ट्यांमुळें प्रत्येक अक्षर स्वतंत्र उभें राहतें असें वर म्हटलें. सलग वाचनांत हाच अडथळा होतो. डोळ्याला शब्दाचा एकत्रित आकार हवा असतो, आणि येथें त्याला प्रत्येक खांब व प्रत्येक लादी दिसत राहते. शिवाय लहान आकारांत ई व ए या अक्षरांच्या पोटांतली मोकळी जागा शाईनें भरते. या कुळांतला सलग वाचनाचा ठसा हवाच असेल तर पट्टी बारीक करून, पोट मोकळें ठेवून तो करतां येतो, व तसा तो झालाही. १९२५ सालीं अमेरिकेंतील लिनोटाईप कंपनीनें वर्तमानपत्रांसाठीं ‘आयोनिक’ ठसा काढला तो क्लॅरेंडनच्याच वंशांतला. हलका कागद, पातळ शाई आणि वेगानें फिरणारें यंत्र यांत बोदोनी वळणाच्या केसासारख्या रेघा टिकत नव्हत्या. सौम्य केलेली पट्टी टिकली.

याच कुळाची आणखी एक शाखा आपल्या दप्तरखान्यांत गठ्ठ्यांनीं पडलेली आहे, पण तिच्याकडे कोणी या दृष्टीनें पाहत नाहीं. टंकलेखन यंत्राचें अक्षर बहुधा जाड पट्टीचेंच असतें, आणि त्याला सौंदर्याचें नव्हे, यंत्राचें कारण आहे. यंत्राचा गाडा प्रत्येक अक्षरानंतर सारखाच सरकतो. म्हणून एम् या रुंद अक्षराला जेवढी जागा तेवढीच आय् या अरुंद अक्षराला. अरुंद अक्षर आपल्या घरांत पोरकें दिसूं नये म्हणून त्याच्या पायाशीं रुंद पट्टी देऊन घर भरून काढतात. दुसरें, फितीवरून आणि कार्बनच्या चार-पांच प्रतींतून बारीक रेघ उतरत नाहीं, एकसारखी जाड रेघ उतरते. रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं विक्रीस काढलेल्या पहिल्या यंत्रांत फक्त मोठीं अक्षरें होतीं. १९५५ च्या सुमारास हॉवर्ड केटलर यांनीं आयबीएमच्या यंत्रांसाठीं केलेलें ‘कूरियर’ वळण तर आजच्या संगणकांतही भेटतें. तेव्हां कूरियर वळणांतील एखादी ‘१९३५ सालची टंकलिखित प्रत’ कोणी दाखविली तर ती मागाहून केलेली नक्कल होय, मग तींतील मजकूर कितीही खरा असो.

विसाव्या शतकांत या ठशाचें पुनरुज्जीवन दोनदां झालें, आणि कालनिर्णयांत फसण्याचीं स्थळें येथेंच आहेत. पहिल्या लाटेंत जर्मनींत रुडोल्फ वोल्फ यांचा ‘मेंफिस’ (१९२९), अमेरिकेंत मॉरिस फुलर बेंटन यांचा ‘स्टायमी’ (१९३१), इंग्लंडांत मोनोटाईप कंपनीचा ‘रॉकवेल’ (१९३४) असे ठसे निघाले. हे कंपास-पट्टीनें आंखल्यासारखे आहेत : ओ जवळजवळ पूर्ण वर्तुळ, रेघांची जाडी सर्वत्र एक, सांध्याला गोलाई नाहीं. रॉकवेलमध्यें मोठ्या ए च्या शेंड्यावरही पट्टी आहे. ती दिसली कीं एकोणिसावें शतक मनांतून काढून टाकावें. हे ठसे भिंतीवरच्या पत्रकाला, पेटीवरच्या नांवाला चांगले. ग्रंथाच्या पानांत ते उपरे वाटतात. दुसऱ्या लाटेंत स्वित्झर्लंडच्या हास ओतशाळेसाठीं हेर्मान आयडेनबेंत्स यांनीं १९५३ सालीं क्लॅरेंडनच नव्यानें काढला, व तो जुन्याशीं इतका जवळचा आहे कीं नुसत्या नजरेनें फसगत व्हावी. तेथें कागद उलटा करून बोट फिरवावें. धातूचे खिळे दाबून छापलेल्या जुन्या कागदावर मागील अंगास बहुधा उठाव लागतो. ऑफसेट छपाईंत तो नसतो.

आतां आपल्या कामापुरतें. हस्तलिखितांच्या इंग्रजी वर्णनात्मक सूचींत अनुक्रमांक व ग्रंथनाम यांना क्लॅरेंडन द्यावा, आणखी कशालाही देऊं नये. कर्ता, पत्रसंख्या, लेखनशक हीं साध्या ठशांत शोभतात. एका पानांत दहा-बारा ठिकाणीं काळा शब्द आला तर नजर थांबते. पन्नास ठिकाणीं आला तर ती कोठेंच थांबत नाहीं. मूळ कागदांत ज्या शब्दाखालीं रेघ आहे तो छापतांना तिरप्या ठशांत द्यावा. जाड ठशांत दिला तर लिहिणाऱ्याची साधी सूचना संपादकाच्या आरोळीसारखी वाटते.

नागरी मजकुरांत मधूनमधून इंग्रजी शब्द येणार असतील तर हा ठसा दुसऱ्या कोणत्याही रोमन ठशापेक्षां चांगला मिळतो असें मला वाटतें. नागरीची ओळ शिरोरेघेमुळें मुळांतच काळी असते; तिच्या शेजारीं बारीक रोमन शब्द धुऊन निघाल्यासारखा फिका दिसतो. फक्त आकार एक पायरी लहान घ्यावा, नाहीं तर इंग्रजी मोठीं अक्षरें शिरोरेघेच्या वर डोकें काढतात.

रोमन लिप्यंतराच्या बाबतींत मात्र हा ठसा अगदीं टाळावा. ट, ण, ष यांसाठीं रोमन अक्षराखालीं बिंदु लागतो, आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ. जाड पट्टीखालीं बिंदूला जागाच उरत नाहीं. तो पट्टीला चिकटतो किंवा छपाईंत नाहींसा होतो. एका सूचीचीं मुद्रितें तपासतांना मला ‘गणपति’ ठिकठिकाणीं दंत्य न चा झालेला आढळला. जुळाऱ्याचा दोष असें समजून मीं तिसऱ्या फर्म्यापर्यंत दुरुस्त्या करीत राहिलों. जुळाऱ्यानें बिंदु प्रत्येक वेळीं बरोबर घातले होते. ते पट्टीनें गिळले होते. मूळ नांव नागरींत देऊन लिप्यंतर साध्या ठशांत घेतलें तेव्हां प्रश्न सुटला.

आतां असईच्या कागदाकडे वळतों. स्नेह्यांची शेवटची हरकत अशी होती कीं मथळा ओतलेल्या खिळ्यांचा नसून लांकडावर हातानें कोरलेला असेल. पहिली गोष्ट, कोरीव अक्षरांचाही ज्ञात नमुना १८१० च्या मागें जात नाहीं. दुसरी, मथळ्यांत ई हें अक्षर पांचदां आलें आहे. तें आम्हीं भिंगाखालीं एकेक करून मोजलें. पांचही आकृति रुंदींत, पोटाच्या मोकळ्या जागेंत व टोंकाच्या वळणांत एकच निघाल्या. हाताचें कोरीव काम इतकें एकसारखें येत नाहीं. सांध्याला गोलाई आहे, आर् ला थेंब आहे. म्हणजे पहिल्या पिढीचा ईजिप्शियनही नव्हे, क्लॅरेंडन किंवा त्याची नक्कल. मागील अंगास उठाव लागतो. म्हणजे अलीकडची ऑफसेट छपाईही नव्हे. कागदावर जलचिन्ह नाहीं.

यावरून कागद १८४५ नंतरचा ठरतो, हकीकत १८४५ नंतरची ठरत नाहीं. शके १७०० मध्यें नक्कल केलेली पोथी आपण त्या शकांतली रचना समजत नाहीं, तद्वत् हें. हकीकत खरोखरच १८०३ सालीं लिहिलेली असूं शकेल, व एखाद्या जुन्या छापील प्रतीवरून पुढें कोणी ती पुन्हां छापली असेल. स्नेह्यांनीं अखेर आपल्या यादींत त्या कागदापुढें ‘१८४५ नंतरचें पुनर्मुद्रण, मूळ प्रत अनुपलब्ध’ अशी नोंद केली आहे. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहांत हीच हकीकत बारीक सेरिफच्या मथळ्यासह असेल तर त्यांनीं मथळ्याच्या ओळीची लांबी, शेवटची तारीख व कागदावरील जलचिन्ह एवढें मंडळाकडे कळवावें. पाठ ताडून पाहण्याचें काम स्नेही व मी मिळून करूं.